पाहिलेलाच पिक्चर

आमच्या घरमालकांचं मत असं, की न पाहिलेला पिक्चर माणसाने बघूच नये. "पयल्यांदा बघतो तो बघत नसतो, बाय. तो नुसता घाबरत असतो. आता काय व्हईल, मंग काय व्हईल. त्यात बघाचं कवा?" हे ते मला भाड्याची खोली दाखवताना म्हणाले. मी विचारलं होतं, पाण्याची सोय काय आहे.

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सापगाव मागे टाकून पुढे गेलं की त्यांची पत्र्याची शेड होती. पुढचा मोठा भाग म्हणजे त्यांचा व्हिडिओ हॉल आणि मागची खोली म्हणजे आमच्या संघटनेचं तालुका कार्यालय. दोन्हींच्या मध्ये एक पत्रा. संघटनेला जागा स्वस्त हवी होती आणि जनतेच्या जवळ हवी होती. जनता इतकी जवळ असेल याची मला कल्पना नव्हती. दर रविवारी आणि बाजाराच्या दिवशी ती पत्र्याच्या पलीकडे सामुदायिक रडायची, आणि अलीकडे मी 'जागे व्हा!' या मथळ्याखाली पत्रक लिहीत बसायचे.

मी नुकतीच कॉलेज संपवून पूर्णवेळ कार्यकर्ती झाले होते. पत्रक कसं लिहावं हे आम्हाला शिबिरात शिकवलं होतं. छोटी वाक्यं लिहा. प्रश्न विचारा. उत्तर तुम्हीच द्या. शेवटी उद्गारचिन्ह. एवढ्या सामग्रीवर मी तालुका बदलायला आले होते. तालुका आधीच जागा असेल आणि पिक्चर बघत असेल, ही शक्यता शिबिरात कुणी गृहीत धरली नव्हती.

गावात सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. काकांकडे नव्वदच्या दशकातले मोजके पिक्चर होते आणि तेवढेच होते. ते दशक संपलं त्या दिवशी त्यांनी कॅसेटींची लोखंडी पेटी लावून घेतली आणि जाहीर केलं, "झालं. आता पुढं बनतील ते बनू दे. आपला स्टॉक भरला." बाहेर नवं शतक सुरू झालं, सीडी आल्या, केबलवाल्याने खांबाखांबाला वायरी गुंडाळल्या, शुक्रवारी लागलेला पिक्चर सोमवारी शहापूरच्या टपरीवर मिळायला लागला. आमच्या शेडमध्ये मात्र ते दशक धडधाकट होतं आणि दर आठवड्याला पहिल्यापासून सुरू व्हायचं.

कॅसेटींवरची लेबलं केव्हाच निघून गेली होती, त्यामुळे पिक्चरांना नावं उरली नव्हती. एक 'आंधळ्या आयचा' होता. एक 'म्हशीचा'. त्यात म्हैस हिऱ्याची अंगठी गिळते आणि अख्खं गाव शेणाच्या मागे लागतं. एक 'बोटीचा', एक 'दोन वकिलांचा', एक 'लग्नाचा'. यातला एकही मी पाहिलेला नाही. तत्त्व म्हणून पाहिला नाही. पण पत्र्याला तत्त्व नसतं. सहा महिन्यांत मला सगळे संवाद पाठ झाले आणि पत्रक लिहिताना मधेच 'मायलॉर्ड' असा शब्द येऊ लागला. 'लग्नाच्या' पिक्चरमध्ये एक अख्खं घर तीन तास लग्न करतं आणि इतक्या माणसांची भांडी कोण घासतं हे एकदाही कळत नाही. हे मी काकांना सुनावलं. ते गंभीरपणे म्हणाले, "घासते की. हिरवी साडीवाली आहे एक, मागून जाते. आमी तिला बघतो. तू आत येशील तं तुला पण दाखवीन." मी आत गेले नाही. वर्गशत्रूने दाखवलेली श्रमिक बाई बघण्याइतकी मी लाचार नव्हते.

हॉलचे कायदे काकांचे होते. प्रेक्षकाला आवडलेला भाग परत बघायचा असेल तर त्याने नुसता हात वर करायचा, काका कॅसेट मागे घेणार. कुणी हिरोचं हसणं परत मागायचा, कुणी खलनायकाचा पडता घोडा. तीन तासांचा पिक्चर जेवणवेळेला सुरू झाला की दिवेलागणीला संपायचा. पहिल्यांदाच पिक्चर बघणाऱ्याला पुढे बसायची बंदी होती. "नवा माणूस पुढं बसला तं दचकतो. हाय हाय करतो. मागच्यांची मजा जाते." पोलीस पाटलांचे जावई पाहुणे म्हणून आले, त्यांनाही काकांनी मागे भिंतीला टेकून बसवलं. जावई मुंबईला बँकेत होते. ते फार अपमानित झाले आणि 'म्हशीचा' संपेपर्यंत हसले नाहीत. काका म्हणाले, "बघा, पयल्यांदा हसू येतच नाय."

या परत परत मागे घेण्याचा परिणाम व्हायचा तो झाला. लोकांना जो भाग जास्त आवडला तो जास्त घासला गेला. 'आंधळ्या आयचा' मधला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे आई चेहऱ्यावरून हात फिरवून हरवलेल्या मुलाला ओळखते. मी आले तोवर त्या जागी टीव्हीवर फक्त मुंग्या उरल्या होत्या. काळ्यापांढऱ्या मुंग्या आणि खरखर. ना आई, ना मुलगा. आणि नेमक्या त्याच वेळी पत्र्याच्या पलीकडून सगळ्या हॉलचा एकत्र आवाज यायचा. बाया आईचं बोलायच्या, पुरुष मुलाचं. "हे कपाळ माझ्या बाळाचं आहे." "आई, तू मला पाहिलंस!" मग नाकं शिंकरल्याचे आवाज. उंबरमाळीचे एक रेल्वेतले गँगमन होते, ते गाडी, रिक्षा आणि मुरबाडची एसटी असा प्रवास करून त्या मुंग्या बघायला यायचे. त्यांचं रडणं प्रसंगाच्या खूप आधी सुरू व्हायचं. काका त्यांना दटावायचे, "थांबा हो, अजून मुंग्या आल्या नाय."

मी हे सगळं कागदावर आणलं. 'पडदा फाडा!' असं त्या पत्रकाचं नाव. डोंगरातल्या वाड्यांना रस्ता नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही मुंग्या बघून रडता? कोण तुम्हाला रडवतो? कुणाच्या फायद्यासाठी? असे तिखट प्रश्न होते. काकांनी दारात उभं राहून ते वाचलं.

"बाय, आपल्याकडे पडदा नाय. टीव्ही आहे."

"काका, ते रूपक आहे."

"आसंल. पण लोक म्हणतील, इतकी शिकलेली पोर आणि तिला टीव्ही दिसत नाय." मग त्यांनी ते पुन्हा वरपासून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, चला, आग पोचली. त्यांनी कागद परत दिला. "दुसऱ्या खेपेला यात नवीन काय सापडत नाय गो."

त्या पत्रकातला एकही शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही.

काकी, म्हणजे त्यांची बायको, व्हिडिओ बघायची नाही. तिला वेळ नव्हता. तिच्या दोन म्हशी होत्या, त्यांनी अंगठ्या गिळलेल्या नव्हत्या, तरी शेण तिलाच काढावं लागायचं. मी एकदा तिला म्हटलं, काकी, अशा माणसाबरोबर तुम्ही दिवस कसे काढले? तर म्हणाली, "आगो, मला बघाया हे चार वेळा आले. बाकीचे एकदा येतात, पोहे खातात आणि हो नाय सांगतात. हे आपले येतात, बसतात, जातात. माझा बाप म्हणला, पोराला पोहे आवडतात का पोरगी, ते तरी सांगा. चौथ्यांदा आले आनि म्हणले, आता बरी दिसते." एवढं सांगून ती हसायला लागली, आणि मला कळेना की यात दडपशाही नक्की कुठे आहे. पण असणारच.

वीज गेली की माझी पाळी असायची. तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज गेली तरी हॉलमधून कुणी उठायचं नाही. काका टीव्हीशेजारी उभे राहून पुढचा पिक्चर तोंडाने चालवायचे आणि लोक काळ्या काचेकडे बघत ऐकायचे. ही शिस्त आमच्या शिबिरातही नव्हती. मी काकांकडे मागणी केली की भारनियमनाचा निम्मा वेळ जनतेच्या प्रश्नांना मिळाला पाहिजे. त्यांनी लगेच दिला. मी उभी राहिले, शिक्षण, आरोग्य, रोजगार असं सगळं घेतलं. लोक मन लावून ऐकत होते. "आणि म्हणून मित्रहो, या व्यवस्थेला आपण..." इथे वीज आली. मागून एक बाई प्रेमाने म्हणाली, "बस गो बाय आता. दमलीस."

व्यवस्थेला आपण काय करायचं हे त्या गावाला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर क्रशर आला.

गावाच्या मागे डोंगर आहे, त्याच्या अर्ध्या वाटेवर वाडी. वाडीच्या वर कातळातून एक झरा येतो. गावातल्या विहिरी मे महिन्यात तळाला जातात, बोअरमधून वारा येतो, पण तो झरा चालू असतो. अख्खी वाडी त्यावर आणि उन्हाळ्यात अर्धा गावही. एका शेठला नेमका तोच डोंगर आवडला. सुरुंग लावायचे, दगड फोडायचा, खडी करून रस्त्याच्या कामांना विकायची. त्यासाठी ग्रामसभेची ना हरकत हवी होती. सरपंचांची हरकत आधीच संपली होती. ती कशी संपली हे त्यांच्या दारातली नवी मोटरसायकल सांगत होती.

आता ग्रामसभेचा एक सुंदर नियम आहे. पुरेशी माणसं आली नाहीत तर कोरम नाही म्हणून सभा तहकूब करायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. म्हणजे लोक येऊ नयेत एवढी एकच व्यवस्था केली, की पुढच्या वेळी सरपंच, ग्रामसेवक आणि शाळेच्या ओट्यावरचं कुत्रं मिळून डोंगर विकायला मोकळे. मी घरोघर गेले. वाडीवर गेले. वाडीतल्या बुधीबाईंना सगळं समजावून सांगितलं. बुधीबाई जंगलातून करवंदं, शेवळं आणून बाजारात विकायच्या आणि बाजार संपला की काकांच्या हॉलमध्ये बसायच्या. त्या म्हणाल्या, "येऊ की. त्याच्यासाठी एवढी वर चढून आलीस?" सगळेच येतो म्हणाले. मागे रस्त्यासाठी घेतलेल्या सभेलाही सगळे येतो म्हणाले होते.

सभेच्या दोन दिवस आधी शेडसमोर जीप थांबली. शेठचा मॅनेजर उतरला, पांढरे बूट, गळ्यात मोबाइल. पत्र्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"काय काका, अजून हे भंगार लावता? टाइम बदलला. आपण प्रोजेक्टर देतो. फुल भिंतभर. नवा कोरा पिक्चर, अजून थेटरात आहे. पब्लिकला फुकट. रविवारी दुपारी लावून टाका."

रविवारी दुपारीच सभा होती. समोरच्या शाळेत.

काकांनी विचारलं, "त्याच्यावर आपली कॅसेट चालंल?"

"सगळं चालेल. मशीन नंतर तुम्हालाच ठेवा."

"म्हणजे आमची आय पण भिंतीभर दिसंल?"

"भिंतीभर काय, छपरापर्यंत."

काका हो म्हणाले. जीप गेली आणि मी पत्र्याला वळसा घालून थेट त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काका, हे कशासाठी चाललंय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. लोक तुझ्या सभेला जाऊ नये म्हणून."

"आणि तरी तुम्ही हो म्हणालात? वाडीचं पाणी जाईल!"

"तुझ्या सभेला एरवी तरी कोण येतं गो?" ते पेटीतून कॅसेट काढून फडक्याने पुसत होते. "मोठ्या मशीनवर कदाचित मुंग्या जातील. ती दिसंल. पाच-सहा वरसं झाली, तिचं तोंड बघितलं नाय मी."

एका पिक्चरमधल्या बाईच्या तोंडासाठी अख्ख्या वाडीचं पाणी! त्या दिवशी मी जे पत्रक लिहिलं त्यात काकांसाठी वापरलेली विशेषणं संघटनेच्या वरिष्ठांनी नंतर छापील प्रतीतून काढून टाकली. मी हाताने लिहिलेली प्रत शेडच्या दारावर चिकटवली. काकांनी ती वाचली आणि तिचा वरचा कोपरा सुटला होता, तो भाताचं शीत लावून नीट चिकटवून दिला.

रविवारी शेड ओसंडून वाहत होती. फुकट आणि नवा, दोन्ही एकदम. ज्यांच्या पाण्यासाठी मी चपला झिजवल्या ती वाडी झाडून सगळी डोंगर उतरून आली होती, बुधीबाई सगळ्यात पुढे. समोर शाळेच्या ओट्यावर सरपंच, ग्रामसेवक, मी आणि माझं भाषण. सरपंच घड्याळाकडे बघून जांभया देत होते. "काय ताई, लोकशाही आली का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. कोरमसाठी थांबायचा वेळ संपत आला तशी मी उठले, रस्ता ओलांडला आणि शेडमध्ये घुसले.

आत अंधार होता. भिंतीवर एक गुंड एका पोरीला पुलावरून नदीत ढकलत होता. मी प्रोजेक्टरसमोर जाऊन उभी राहिले. माझी सावली भिंतीवर पडली आणि नदी, पूल, पोरगी सगळं तिच्याखाली गेलं.

"तुमचं पाणी विकायला काढलंय!" मी ओरडले. "आणि तुम्ही इथे..."

"बस गो खाली!" बुधीबाई सगळ्यांच्या वर ओरडल्या. "पोरगी बुडतेय!"

काकांनी पिक्चर थांबवला. ते मला बाहेर काढणार हे उघड होतं. त्यासाठी ते मशीनपाशी आलेही. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. प्रोजेक्टर भिंतीवर जरा खाली पडत होता म्हणून मॅनेजरने त्याच्या पुढच्या पायाखाली काहीतरी सरकवलं होतं. ती 'आंधळ्या आयचा'ची कॅसेट होती. वजनाने तिच्या कवचाला चीर गेली होती.

"हे कुणी ठेवलं?" काकांनी विचारलं.

"मी. ॲडजस्ट केलं," मॅनेजर म्हणाला. "टेन्शन नका घेऊ काका, ती या मशीनवर चालत नसतेच. चालू करा, पब्लिक थांबलंय."

काकांनी दोन बोटांनी मशीन उचललं आणि कॅसेट हळूच ओढून घेतली. मशीन पुढे कललं. भिंतीवरची ती गटांगळ्या खाणारी पोरगी सरकत सरकत खाली आली आणि पुढच्या रांगेच्या डोक्यांवर पडली.

"मध्यंतर," काका म्हणाले.

"आत्ता?" सगळा हॉल ओरडला. "काका, पोरगी पाण्यात आहे!"

"राहू दे पाण्यात. समोर शाळेत सभा आहे. सगळ्यांनी जाचं, क्रशर नको म्हणून हात वर कराचा आणि परत याचं. मंग काढू तिला."

"शेठला मी काय सांगू?" मॅनेजर पुढे आला.

"सांग, पिक्चर चालू आहे. फकस्त थांबलाय."

मला इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवायची आहे. हे पाण्यासाठी नव्हतं. वाडीसाठी नव्हतं, पंचायत राजसाठी तर मुळीच नव्हतं. ज्या कॅसेटमध्ये बघण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं तिला तडा गेला, एवढ्यासाठी एका माणसाला आलेला हा राग होता. माझी घरोघरची फेरी, माझी तीन पत्रकं यांचा त्यात काडीचा वाटा नाही. जनआंदोलनाची याहून मोठी चेष्टा मी पाहिलेली नाही.

पण लोक निघाले. आणि काय घाईत निघाले! सरपंच तहकूब म्हणायला तोंड उघडत होते तेवढ्यात शाळेचा ओटा, पायऱ्या, पटांगण भरून गेलं. कोरम होऊन वर उरला. ग्रामसेवक सह्या घेता घेता घामेजले. सरपंचांनी ठराव वाचायला घेतला, सावकाश, पल्लेदार. "सदर गावच्या हद्दीतील सदर गटात सदर उद्योग..."

"सदर नको, लवकर आटपा!" मागून आवाज आला. "तिकडं पोरगी बुडाली!"

मी उठले. भाषणाचा कागद काढला. "मित्रहो, आज आपण एका ऐतिहासिक..."

"बाय, टाइम नाय!" आता सगळं पटांगण ओरडलं. "बुधीबाय, तू बोल. तुझं पाणी आहे. एकदम शॉर्टमध्ये."

बुधीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "त्या कातळातून पाणी येतं. तो फोडला तं कुठून येल? तुमच्या मोटरसायकलीतून? आमी नाय म्हणतो. बास. मला जास्त बोलता येत नाय, आनि तिकडं त्या पोरीचं काय झालं ते बघाचंय."

सगळे हात एकदम वर गेले. काही जणांनी घाईत दोन्ही केले. ठराव नामंजूर. ग्रामसेवकांनी लिहिलं. माझा कागद माझ्या हातातच होता.

लोक पळत शेडमध्ये परतले. भिंत कोरी होती. मॅनेजर मशीन, पिक्चर आणि पाण्यातली पोरगी जीपमध्ये घालून निघून गेला होता. गावाने एका शेठला हरवलं होतं, डोंगर राखला होता, झरा राखला होता, आणि मग या विजयी जनतेने काय केलं? तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या सभेपायी पिक्चर गेला गो!"

"चांगला रंगात आला होता."

"पोरीचं काय झालं असंल काका? मेली का?"

"मला काय ठाव?" काका टीव्हीची वायर खोचत होते. "मी कवापासून सांगतो, न बघितलेला पिक्चर बघू नका म्हणून. ऐकता का कोणी?" चीर गेलेली कॅसेट त्यांनी रबराने बांधून आत सारली. थोड्याच वेळात पत्र्यापलीकडून मुंग्यांची खरखर आणि बायांचा आवाज आला. मी खोलीत बसून संघटनेला अहवाल लिहिला. 'सातत्यपूर्ण प्रबोधनामुळे जनतेचा ऐतिहासिक विजय!' तो मासिकात पहिल्या पानावर आला. त्यात काका नाहीत. कसे असतील? त्यांचं प्रबोधन झालंच नव्हतं.

शेठ मात्र इतक्यात हरणारा नव्हता. नामंजूर झालेला विषय पुन्हा आणायला कुणी अडवत नाही. पुढच्या साली सरपंचांनी तो परत पटलावर घेतला. या वेळी फुकटचा पिक्चर नव्हता, जीप नव्हती, दवंडीही इतकी हळू दिली की ती देणाऱ्यालासुद्धा ऐकू आली नसावी. मी ठरवलं, आता तरी पद्धतशीर काम करायचं. नवं पत्रक काढलं आणि ते वाटत वाटत शाळेपाशी पोचले, तर पटांगणात बसायला जागा नव्हती.

मी बुधीबाईंना विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण कशाला सांगंल? तोच आहे ना गेल्या सालचा? बघू म्हटलं परत."

सरपंचांनी कागद उघडला. "सदर गावच्या..." एवढं ते म्हणाले आणि पुढचं सगळ्या पटांगणाने एका सुरात म्हटलं. "हद्दीतील सदर गटात सदर उद्योग!" सरपंच थांबले की लोक त्यांना पुढचा शब्द सांगत. मी भाषणाला उठले. मी तोंड उघडायच्या आत सगळे आनंदाने ओरडले, "बाय, टाइम नाय!" या वेळी टाइम भरपूर होता. दुपारभर कुणाला काही काम नव्हतं.

मग बुधीबाई उठल्या आणि एकदम शांतता झाली. म्हातारी माणसं पुढे सरकली. त्यांनी कातळाचं म्हटलं, पाण्याचं म्हटलं, मोटरसायकलीपाशी त्या मुद्दाम थांबल्या, सगळे हसून घेईपर्यंत थांबल्या, आणि "आमी नाय म्हणतो, बास," म्हणून खाली बसायला गेल्या.

"पोरीचं राहिलं!" चारी बाजूंनी गलका झाला. "बुधीबाय, त्या पोरीचं बोल!"

त्या परत उठल्या आणि पोरीचंही म्हणाल्या. हात वर गेले. नामंजूर. काका पिंपळाच्या पाराला टेकून बसले होते, शेजारी उंबरमाळीचे गँगमन, रजा टाकून आलेले. काका त्यांना म्हणाले, "गेल्या वर्षी मला नीट बघताच आलं नव्हतं."

तिसऱ्या साली शेजारच्या गावांतून माणसं आली. एकाने येताना सरपंचांसाठी चहा आणला. सरपंचांनी ठरावाचा कागद उघडलाच नाही. तो त्यांनी तसाच खिशात ठेवला आणि विषय मागे घेतला म्हणून सांगितलं. क्रशरचं नाव त्यानंतर आमच्या ग्रामसभेत निघालेलं नाही. लोक फार नाराज झाले. अजूनही सरपंच रस्त्यात दिसले की कुणी ना कुणी त्यांना अडवतं आणि अगदी मनापासून विचारतं, "काय सरपंच, परत कधी?"